साखळीतली चूक

माझं नाव मिसाक. हैफाच्या मोजणी खात्यात
अकरा वर्षं साखळी ओढली.
साहेब दुर्बिणीतून बघायचा, मी खुंटी ठोकायचो
आणि कड्या मोजत चालायचो
हरभऱ्यातून, तिळातून,
किब्ल्याकडे तोंड करून निजलेल्या
कुणाच्या सात पिढ्यांना वळसा घालून.

तेल-शुमार गावी मुफ्लिह नावाचा म्हातारा
रोज माझ्यामागून यायचा.
हातात काठी, तोंडात तुकड्यांची नावं:
ही उंटाची मान. ही विधवेची ओंजळ.
हा भांडणाचा तुकडा. भांडण कशाचं, ते मात्र
आता कुणालाच आठवत नाही.
मी लिहायचो: गट अकरा, तुकडा चार.
"नावं लिही," म्हणायचा.
"बाबा, रकाना बोटभर आहे."

जमीन त्याची होती का?
दफ्तरात नव्हती.
त्याच्या आजोबाच्या काळी तुर्कांचा कारकून
खळ्यावर वही उघडून बसला होता.
वहीत नाव म्हणजे सारा,
आणि साऱ्यामागून पुढच्या साली
पोराला येमेनच्या लढाईचं बोलावणं.
गावानं एकमतानं अंगठा दिला:
लिहा बैरूतच्या व्यापाऱ्याचं नाव.
नाव त्याचं, नांगर आमचा.
केवढी शहाणी वाटली असेल ती दुपार!
कारकुनासाठी कोंबडी कापली म्हणे.

व्यापारी मेला. नातवाला पॅरिसमध्ये घोड्यांचा नाद.
शिवार विकलं गेलं एका हॉटेलच्या टेबलावर,
जिथून ते दिसतही नव्हतं.

घेणारे वाईट होते असं लिहिलं
तर तेही खोटंच होईल.
फ्रुमा आली प्रोस्कुरोवहून. दुकान जळालेलं,
भाऊ दुकानात.
तिचा बाप, खिडकीबाहेर कमरेइतकं बर्फ असताना,
हिवाळाभर देवाकडे पाऊस मागायचा,
स्वतःच्या गावासाठी नव्हे,
कधी न पाहिलेल्या या शिवारासाठी.
त्याच्या बापानंही तेच मागितलं होतं, आणि त्याच्याही.
उतारा नव्हता त्यांच्याकडे. पाठांतर होतं.

पहिल्या दिवशी तिनं माती उचलली, हुंगली
आणि मटकन बसून रडली.
मुफ्लिह बांधावर उभा. त्याला वाटलं,
बाईचं इथं काहीतरी हरवलंय.
त्यानं विचारलंही. दुभाषा मी.
ती म्हणाली, "हो."

जमीन मोजायला दोघांकडे शब्द एकच, दुनम.
तोही तिसऱ्याचा, तुर्काचा, जो निघून गेला.
आणि मोजून देणारा चौथा, इंग्रज,
ज्यानं ज्याला त्याला काहीबाही कबूल केलेलं
वेगवेगळ्या पाकिटांतून.

भरपाईचे पैसे कनवटीला लावून
मुफ्लिह बंदरावर गोणी वाहायला गेला.
त्याच्या मुलानं विहिरीपाशी पहिला दगड मारला.
फ्रुमाच्या मुलानं कोठारात, तिळाखाली,
पहिली बंदूक पुरली.
कुठलं आधी, हे मला कोर्टात विचारलं होतं.
मी म्हणालो, त्या दिवशी मी रजेवर होतो.
खरंच होतो.

साखळीबद्दल एक सांगायचं राहिलं.
ओढून ओढून ती ताणते.
शंभर कड्या होतात चार बोटं लांब,
मग मोजणी भरते कमी.
म्हणजे माझ्या प्रत्येक नकाशात
कागदावर आहे त्याहून
जमीन थोडी जास्तच होती.
साहेबाला सांगितलं. म्हणाला, चालतं तेवढं.

माझं गाव मराशच्या डोंगरात.
जर्दाळूची बारा झाडं, एक पाट,
पाटावर आईची कपडे आपटायची शिळा.
आम्हाला हाकलल्यावर तिथंही
कुणीतरी साखळी घेऊन आला असेल,
माझ्याइतकाच प्रामाणिक, घामाघूम,
शिळेवर टेकून पाणी प्यायला असेल
आणि उठून
खुंटी ठोकली असेल.